देवळातल्या भित्तिचित्रांची नोंद: ३६० अंशांचा टूर की गिगापिक्सेल?

कृष्णाकाठ

मंडळी, नमस्कार. विषय घाईचा आहे म्हणून लेख न लिहिता थेट धागाच काढतोय.

वाई तालुक्यात आमच्या गावी ग्रामदैवताचं देऊळ आहे. सभामंडपाच्या आतल्या दोन भिंतींवर मराठा शैलीतली भित्तिचित्रं आहेत. दशावतार, रामाची वरात, गंजिफा खेळत बसलेला एक घोळका, आणि कोपऱ्यात हुक्का ओढणारा टोपीवाला, ज्याला गावातली पोरं 'गोरा मामा' म्हणतात. खालचा हातभर पट्टा ओलीने केव्हाच गेला, वरचं बरंच शिल्लक आहे. दिवाळीनंतर जीर्णोद्धाराचं काम निघतंय. समितीतल्या काहींना चित्रं ऑइलपेंटने 'उजळून' हवीत, काहींना कमरेपर्यंत फरशी. दोन्ही थांबवायची खटपट चालू आहे. ती फळेल न फळेल, पण त्याआधी भिंतींची नोंद करून ठेवू यावर मात्र सगळे राजी झाले.

एका व्यावसायिकाने व्हर्च्युअल टूर सुचवलाय. ३६० अंशांचा छोटा कॅमेरा सभामंडपात, ओवरीत, दीपमाळेपाशी ठेवायचा, गोल फोटो काढायचे आणि ते जोडून द्यायचे, म्हणजे मोबाइलवर बोटाने देवळात हिंडता येतं. त्याने दाखवलेला नमुना झकास होता. पण भिंतीजवळ झूम केलं की चेहऱ्यांच्या जागी ठिपके. मग वाचता वाचता गिगापिक्सेल प्रकरणापाशी पोचलो आणि अडकलो.

माझं मत असं झालंय की आपण उलट्या टोकाने निघालोय. आधी टूर करायचा आणि तीच नोंद समजायची, हे काही खरं नाही. भिंत आधी, टूर नंतर. पण समितीला पटवायला माझ्याकडे आकडे नाहीत. कुणी केलंय का असं काम?

तिपाई

केलंय, देवळांत आणि वाड्यांत. आकडे देतो, समितीला जसेच्या तसे वाचून दाखवा.

गिगापिक्सेल म्हणजे १०० कोटी पिक्सेल. एवढा सेन्सर आपल्या कॅमेऱ्यात नसतो, म्हणून शेकडो फोटो एकमेकांवर चढते काढायचे आणि संगणकावर जोडायचे. फुलफ्रेम (३६ बाय २४ मिमी सेन्सरच्या) २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याला ५० मिमी लेन्स लावून पूर्ण गोल टिपला तर साधारण ५२ हजार बाय २६ हजार पिक्सेल मिळतात, म्हणजे १.३७ गिगापिक्सेल. २०० मिमी लावली तर त्याच्या सोळापट. ऐकायला भारी वाटतं. आता भिंतीवर काय पडतं ते बघा. तिवई भिंतीपासून ३ मीटरवर असेल तर ५० मिमीने अगदी समोरच्या जागी एक पिक्सेल ०.३६ मिमीचा पडतो. तुम्ही बाजूला बघू लागलात की भिंत तिरपी होत जाते. ४५ अंशांवर आडवा तपशील निम्मा राहतो आणि ६० अंशांवर पाव. म्हणजे एकाच चित्रात रामाचा घोडा खणखणीत आणि वरातीचं शेपूट गाळात. फाइलचा आकडा मात्र तोच, १.३७ गिगापिक्सेल.

अजिंठ्याचं पहिलं लेणं डोळ्यांसमोर आणा. २० खांबांचा चौरस मंडप. मधोमध तिवई लावली तर पॅनोरमात मुख्यतः खांब येतील. महाजनक जातक, म्हणजे बुद्धाच्या एका पूर्वजन्माची कथा, डाव्या भिंतीवर, खांबांच्या मागच्या अरुंद पडवीत. ते बघायला पडवीत शिरावं लागतं आणि तिथून भिंत इतकी जवळ की दोन पावलं सरकलात तर सगळे कोन बदलतात. एका बिंदूवरून असं लेणं टिपता येतच नाही, पिक्सेल कितीही ओता.

चित्रांसाठी म्हणूनच सपाट मोझेक. कॅमेरा जागेवर फिरवायचा नाही, भिंतीला समांतर ठेवून पुढे सरकवायचा. तुमची एक भिंत ६ मीटर बाय अडीच मीटर धरू. इंचाला ३०० पिक्सेल हवे असतील तर एका फोटोत ५१ सेंमी बाय ३४ सेंमी एवढाच तुकडा यायला हवा. ५० मिमी लेन्सने त्यासाठी भिंतीपासून पाऊण मीटरभर अंतर लागतं. ३० टक्के चढतं ठेवलं तर १७ उभ्या रांगा आणि प्रत्येकीत ११ फोटो, एकूण १८७. जोडल्यावर दोन गिगापिक्सेलच्या थोडं वर. रॉ फाइली, म्हणजे कॅमेऱ्यातल्या मूळ कच्च्या फाइली, पाचेक जीबी. एवढीच तर भानगड आहे. दोन माणसं, एक दिवस, आणि एक परांची.

चावडी

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. पण एक भाबडा प्रश्न. हे दोन गिगापिक्सेल बघणार कोण? २०१३ साली गूगल आणि पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी १०० स्मारकं ३६० अंशांत आणायचं जाहीर केलं होतं. कितीजणांनी त्यातलं एक तरी पुरं बघितलं? आमच्याकडे लोक प्रत्यक्ष किल्ल्यावर जाऊन तिथेही मोबाइलच बघतात.

तिपाई

@चावडी, बघणारे थोडेच असतील. सातबारासुद्धा रोज कोण वाचतं? भांडण लागलं की लागतो.

ॲम्स्टेलकाठ

रेम्ब्रांटच्या 'नाइट वॉच'चं उदाहरण इथे चपखल बसेल म्हणून लिहिते. २०१९ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने चित्राभोवती काचेची खोली बांधून लोकांच्या डोळ्यांदेखत तपासणी सुरू केली. २०२० मध्ये त्यांनी ४४.८ गिगापिक्सेलचं चित्र मांडलं आणि २०२२च्या जानेवारीत ७१७ गिगापिक्सेलचं. ८४३९ फोटो, १०० मेगापिक्सेलच्या हॅसलब्लाड कॅमेऱ्याने, आणि दोन पिक्सेलांमधलं अंतर ५ मायक्रोमीटर. घरी बसून रंगाच्या कणापर्यंत जाता येतं.

पण ते चित्र लोकांना दाखवायला मोठं केलं असं नाही, हे लक्षात घ्या. संवर्धकांना काही वर्षांनी तोच तुकडा पुन्हा टिपून आधीच्याशी ताडून बघायचाय. भेग वाढली का, रंगाचा कण सुटला का. लोकांना आनंद मिळतो तो वरचा नफा. कृष्णाकाठ यांच्या भिंतीला ५ मायक्रोमीटर नकोतच. ३०० पिक्सेल इंचाला म्हणजे पिक्सेल ०.०८५ मिमीचा. कुंचल्याची बारीक रेघ त्यात सुटी दिसेल असं वाटतं. @तिपाई, बरोबर ना?

तिपाई

हो. मोरपिसाचे केस आणि नथीतले मोती सुटे दिसतात. त्याहून खाली जायचं तर फोकस आणि कंपनं जीव खातात. जुना गिलावा पोट सुटलेला असतो, मध्येच फुगलेला, त्यामुळे पाऊण मीटरवरून लेन्सचं छिद्र एफ/८ इतकं बारीक ठेवूनही कडा अंधुक होतात. एफ/११च्या पुढे छिद्र आणखी बारीक करू नये, विवर्तनाने, म्हणजे बारीक छिद्रातून उजेड पसरल्याने, सगळंच मऊ पडतं.

चुनखडी

गिलावा आणि भित्तिचित्रं हे माझं रोजचं काम, म्हणून चार गोष्टी ठणकावून सांगते.

पहिली: फोटोआधी भिंतीवर ओलं फडकं फिरवू नका, पाणी शिंपडू नका. रंग क्षणभर खुलतात हे खरं, गावोगावचे हौशी 'गाइड' हेच करतात. ही चित्रं बहुतेक कोरड्या गिलाव्यावर डिंक-सरसात कालवलेल्या रंगांची असतात. पाण्याने तोच बांधणारा थर सुटतो, आणि आतले क्षार वर येऊन पांढरी बुरशी आल्यासारखे दिसतात. धूळसुद्धा झाडू नका. आहे तशी भिंत टिपा.

दुसरी: एक संच समोरून समान उजेडात, आणि एक संच एका बाजूने भिंतीला घासून जाणाऱ्या उजेडात. दुसऱ्या संचात रंग नीट दिसत नाहीत, पण पोपडे, फुगवटे, जुन्या डागडुजीच्या कडा सगळं उठून दिसतं. जीर्णोद्धाराच्या भांडणात हाच संच कामाला येईल, कारण कुठला गिलावा घट्ट आहे आणि कुठला पडायला आलाय हे त्यात दिसतं. कंत्राटदार 'सगळंच सुटलंय, पाडूया' म्हणाला की पुढे करा.

तिसरी: रंगपट्टी आणि मोजपट्टी. प्रत्येक भिंतीच्या निदान एका फोटोत रंगपट्टी हवीच, नाहीतर पुढे कुणालाही तांबडा खरा किती तांबडा होता ते कळणार नाही. पट्टी भिंतीला चिकटवायची नाही, काठीवर धरायची.

आता ऑइलपेंट. 'उजळायची' हौस नवी नाही. अजिंठ्याला १९२०च्या सुमारास निजाम सरकारने इटालियन तज्ज्ञ आणले. त्यांनी सुटलेला गिलावा बसवण्याचं काम चांगलं केलं, पण चित्रांवर लाखेचा थर चढवला. त्याआधी, एकोणिसाव्या शतकात तिथल्या नकला करणाऱ्या जॉन ग्रिफिथ्स यांच्या काळातही व्हार्निश लागलं होतंच. पुढे ते थर पिवळे पडले, धूळ आणि वटवाघळांची घाण धरून बसले, आणि ते उतरवण्यात पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांची दशकं गेली. समितीला हे जरूर सांगा. त्या लोकांचा हेतू वाईट नव्हता, आणि ते आपल्या काळातले जाणकार होते. तुमचा ऑइलपेंटवाला कोण आहे?

कृष्णाकाठ

चुनखडीताई, दंडवत! ऑइलपेंटवाला म्हणजे दुकानांच्या पाट्या रंगवणारा. हात चांगला आहे हो त्याचा, पण पाट्यांवर. हा परिच्छेद छापून समितीच्या बैठकीत नेतोय.

अजिंठ्याच्या नकला जळाल्या असं कुठेतरी ऐकलंय. ती भानगड काय?

चुनखडी

एकदा नाही, दोनदा. रॉबर्ट गिल हा मद्रास सैन्यातला अधिकारी १८४४ पासून अजिंठ्याला बसून कॅनव्हासवर मोठमोठ्या नकला करत होता. त्या लंडनला गेल्या, सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगल्या आणि १८६६च्या आगीत बहुतेक भस्मसात झाल्या. वाचल्या त्या तिथे नव्हत्या म्हणून. मग मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन १८७२ ते १८८५ पुन्हा सगळं काढत बसले. त्यातलंही बरंच १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनला आगीत गेलं. राहिलेलं आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. आणि मधल्या काळात मूळ भिंतींवरचाही कितीतरी भाग गळून गेला, त्यामुळे काही प्रसंग आज त्या नकलांमध्येच जास्त नीट वाचता येतात.

बाइनरीबुवा

वरच्या प्रतिसादावरून माझ्या आवडत्या विषयाकडे येतो. नोंद नष्ट व्हायला हल्ली आगही लागत नाही.

२००५ ते २०१५ या काळात केलेले बहुतेक व्हर्च्युअल टूर फ्लॅश या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या साधनावर होते. ३१ डिसेंबर २०२० ला ॲडोबीने फ्लॅश प्लेयर बंद केला आणि ते सगळे एका रात्रीत काळे चौकोन झाले. मायक्रोसॉफ्टची फोटो जोडून दाखवणारी सेवा फोटोसिंथ फेब्रुवारी २०१७ मध्ये बंद, त्याबरोबर लोकांनी चढवलेले पॅनोरमाही गेले. फोटो जोडणारं ऑटोपॅनो बनवणारी कोलोर कंपनी गोप्रोने २०१५ मध्ये घेतली आणि २०१८ मध्ये गुंडाळली. ज्यांनी मूळ फोटो जपले त्यांनी नव्या साधनात पुन्हा जोडले. ज्यांच्याकडे फक्त 'टूर' होता त्यांच्याकडे आता काही नाही.

तेव्हा कृष्णाकाठ, त्या व्यावसायिकाशी कागद करताना एकच अट घाला: सगळ्या रॉ फाइली आणि जोडलेलं पूर्ण आकाराचं चित्र देवस्थानच्या ताब्यात मिळालं पाहिजे. टूर त्याच्या सर्व्हरवर असेल आणि वार्षिक भाडं थकलं की बंद पडणार असेल तर ती नोंद नाही, जाहिरात आहे.

तांत्रिक बाजू थोडक्यात. जेपेगला एका बाजूला ६५,५३५ पिक्सेलांची मर्यादा आहे. तुमची ६ मीटरची भिंत ७० हजार ८०० च्या पुढे जातेय, म्हणजे जेपेगमध्ये मावणारच नाही. साध्या टिफला ४ जीबीची मर्यादा. म्हणून बिगटिफ किंवा फोटोशॉपचं पीएसबी, हे मोठ्या फाइलींसाठीचे प्रकार. लोकांना दाखवताना एवढी फाइल कुणी उघडत नाही. तिचे छोटे चौकोनी तुकडे पाडतात, प्रत्येक झूमपातळीचे वेगळे, आणि ब्राउझर फक्त समोर दिसणारे तुकडे मागवतो. गावातल्या टूजी छाप नेटवरही चालतं. नकाशे असेच चालतात. मुक्त साधनं आहेत: जोडायला हगिन, गोल दाखवायला पॅनेलम, सपाट चित्र झूम करायला ओपनसीड्रॅगन. पैसे असतील तर जोडायला पीटीगुई, चढत्या भागांची जुळणी ते फार हुशारीने करतं. विशेषतः कोरी चुनाभिंत असेल तिथे हगिन गोंधळतं आणि खुणा हाताने द्याव्या लागतात.

सातेरी

गोव्यातून एक प्रतिसाद. आमच्याकडच्या कावी कामाची नोंद करायला मदत केली होती (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर देऊन, तो ओला असतानाच कोरून काढलेली नक्षी, पांढऱ्यावर तांबडी). त्यात कोरलेल्या रेघेला खोली असते, म्हणून चुनखडीताईंचा बाजूच्या उजेडाचा मुद्दा तिथे तर पहिला येतो.

पण मला वेगळंच विचारायचंय. देवळात काय दाखवायचं नाही, हे कुणी ठरवलंय का? आमच्या वेळी गाभाऱ्याचा प्रश्न आला. देवीचा फोटो घेऊ नये असा संकेत, आणि महाजनांपैकी निम्मे म्हणाले नोंद म्हणून घ्या, निम्मे म्हणाले कौल लावा. शेवटी गाभारा टिपलाच नाही. त्याचं मला वाईट वाटलेलं नाही. दुसरं, चोरीचं. ३६० अंशांच्या टूरमध्ये दाराची कडी, सीसीटीव्हीची जागा, दागिन्यांची पेटी, मागची भिंत किती उंच, सगळं दिसतं. मूर्तिचोराला घरबसल्या पाहणी!

चावडी

हा मुद्दा मात्र मी मघाशीच मांडणार होतो. माझे पॉपकॉर्न संपेपर्यंत सातेरीताईंनी मांडला. +१.

तिपाई

सातेरी, शंभर टक्के. मी दोन प्रती ठेवतो. पूर्ण नोंद विश्वस्तांकडे आणि लोकांसाठी छाटलेली. चित्रभिंत पूर्ण तपशिलात द्यायला हरकत नाही, ती कुणी उचलून नेत नाही. सुटी मूर्ती, कोरीव दारं, पितळी समया यांचा तपशील बाहेर द्यायचा नाही. उलट चोरी झालीच तर ओळख पटवायला त्यांचे जवळचे फोटो पोलिसांच्या कामी येतात, म्हणून टिपायचे जरूर, चढवायचे नाहीत.

परवानगीचंही बोलून घेऊ. कृष्णाकाठ यांचं देऊळ देवस्थानचं असेल तर विश्वस्तांचा ठराव पुरे. पण केंद्राच्या किंवा राज्याच्या संरक्षित यादीत असेल तर तिवई उघडायच्या आधी लेखी परवानगी काढा. अजिंठ्यासारख्या ठिकाणी फ्लॅश बंदच आहे.

ॲम्स्टेलकाठ

टूरच्या बाजूनेही थोडं बोलते, इथे तो फारच झोडपला जातोय. चीनमधल्या दुन्हुआंगला, मोगाओ लेण्यांत, भित्तिचित्रं अंदाजे ४५ हजार चौरस मीटर. माणसांच्या श्वासाने लेण्यातली आर्द्रता आणि कार्बन डायऑक्साइड वाढतो म्हणून रोजच्या प्रेक्षकांवर मर्यादा आहे. २०१४ पासून पाहुण्यांना आधी बाहेरच्या केंद्रात मोठ्या घुमटी पडद्यावर लेणी दाखवतात आणि मग मोजक्या लेण्यांत नेतात. आत घालवायचा वेळ त्यामुळे कमी होतो. २०१६ मध्ये त्यांनी ३० लेणी सगळ्यांसाठी जाळ्यावर खुली केली, तपशील तुमचाच, इंचाला ३००. तिथे टूर थेट भिंतीचं आयुष्य वाढवतोय.

आणि नोत्र दाम. अँड्र्यू टॅलन या कलेतिहासकाराने लेझर स्कॅनरने ते चर्च मोजलं होतं आणि स्कॅनरच्या जागेवरूनच गोल पॅनोरमा काढून मोजमापांवर चढवले होते. तो २०१८ मध्ये वारला. एप्रिल २०१९ मध्ये छत जळालं. म्हणजे पॅनोरमाला मोजमापाची जोड असेल तर तो निव्वळ देखावा राहत नाही.

तिपाई

मान्य. माझं भांडण टूरशी नाही, टूरला नोंद म्हणण्याशी आहे. देऊळ कसं वाटतं, ओवरीतून सभामंडपात शिरताना उजेड कसा मिटतो, चित्रं माणसाच्या उंचीपासून किती वर आहेत, हे सपाट मोझेकमध्ये कळत नाही. त्यासाठी चारपाच गोल हवेतच. फक्त तेही पॅनोरमा हेडवर घ्या. कॅमेरा स्वतःच्या सेन्सरभोवती नाही, लेन्समधल्या प्रवेशछिद्राच्या बिंदूभोवती फिरला पाहिजे. खांब जवळ असलेल्या मंडपात हा बिंदू चुकला की पुढचा खांब मागच्या भिंतीवर सरकतो आणि तुळया तुटलेल्या दिसतात. बाहेर किल्ल्याच्या माचीवरून दऱ्या टिपताना चूक खपून जाते, देवळात नाही.

कृष्णाकाठ

मंडळी, बैठक झाली. लाखेच्या थराचा परिच्छेद वाचल्यावर ऑइलपेंटवाल्यांचा आवाज खाली आला. फरशीवाले ठाम आहेत, पण 'खालचा पट्टा तसाही गेलाय, वर चढवणार नाही' एवढं कबूल केलंय. चुनखडीताईंना व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, कृपया बघा.

ठरलं ते असं. दोन्ही भिंतींचे सपाट मोझेक, समोरचा आणि बाजूचा असे दोन्ही उजेड. दिवे एलईडी, दोन्ही बाजूंना ४५ अंशांत, पंखे आणि घंटा तेवढा वेळ बंद. पॅनोरमा हेडवर गोल चार: दीपमाळ, ओवरी, सभामंडपाचा मध्य, प्रदक्षिणेची वाट. गाभारा नाही. तो व्यावसायिकच गोल करून देणार आहे, फाइलींची अट त्याने कुरकुर न करता मान्य केली. प्रती तीन: एक देवस्थानच्या कपाटात, एक शाळेत, एक पुण्यात भाच्याकडे. दर दोन वर्षांनी नव्या डिस्कवर उतरवायच्या, ते काम गुरवाच्या मुलाने अंगावर घेतलंय. तो आयटीआयला आहे.

एक अडचण उरली. सभामंडप दिवसा बंद ठेवता येत नाही आणि परांची लाकडी आहे. कुणी पायरी चढलं की हलते. शटर दोन सेकंदांवर ठेवलं तर?

तिपाई

परांचीवर तिवई ठेवूच नका. जमिनीवरून उंच खांबाची तिवई किंवा फोटोस्टुडिओतला चाकांचा स्टँड मिळतो का बघा, वाईत किंवा साताऱ्यात भाड्याने मिळेल. शटर रिमोटने. आणि काकड आरतीनंतर लगेच सुरू करा, नैवेद्याच्या वेळेपर्यंत एक भिंत सहज होते. स्टँड किती उंचीचा लागेल ते भिंतीचा फोटो पाठवलात तर सांगतो.